साक्षीची बाटली

साडेतीनच्या बसला पेटी द्यायची म्हणजे सव्वातीनला अमरावतीच्या स्टँडवर पोचायलाच हवं. थर्माकोलची पांढरी पेटी, मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढी. आत बर्फाच्या थैल्या आणि त्यांच्या मधोमध माझ्या दुधाच्या चार पिशव्या. माझी लेक प्राजक्ता तेव्हा पाच महिन्यांची होती आणि अकोल्याला माझ्या सासूबाईंजवळ होती. दुसऱ्या दिवशीचं तिचं निम्मं पोट त्या पेटीत असायचं. उरलेलं निम्मं पावडरच्या दुधावर.

ते निम्मं माझं राहावं, एवढंच मला त्या पन्नास दिवसांत हवं होतं. बाकी सगळं मी कबूल केलं होतं. एकटीनं राहणं, खोलीवर गेल्यावर कुणाशी बोलायला नसणं, झोपेत कूस बदलताना हात रिकाम्या गादीवर पडणं. पण तिच्या पोटात रोज माझं काहीतरी जात राहावं.

मी एका प्रयोगशाळेत प्रकल्पावर काम करते. खाण्याच्या पाकिटांवर लावायचा एक गोल तुकडा आम्ही बनवतोय. आतलं दूध किंवा पनीर बिघडायला लागलं की त्यातले जंतू आम्ल तयार करतात, त्याचा अंश एका विरळ पडद्यातून वर येतो आणि तुकड्याचा रंग बदलतो. नाकाला कळायच्या आधी. रंग गोकर्णीच्या फुलांचा. आमच्या आवाराच्या कुंपणावरची निळी फुलं मी सकाळी स्वतः तोडायची. माल ताजा असेल तोवर तुकडा निळा, बिघडला की जांभळा. कागदोपत्री त्याला सेन्सर म्हणतात. सासूबाई त्याला टिकली म्हणायच्या, आणि ते टिकलीसारखंच दिसतं.

चाचणी शेवटच्या टप्प्यात होती. नव्वद पाकिटं, पन्नास दिवस, दर सहा तासांनी रंगाची नोंद. मध्यरात्रीची नोंद एक सहकारी घ्यायचा. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा माझ्याकडे. एक नोंद चुकली तर सगळं पहिल्यापासून, आणि प्रकल्पाची मुदत एप्रिलअखेर संपत होती. नवरा, कुलदीप, धारणीच्या पलीकडे आश्रमशाळेत शिक्षक. तिथून फोन लागला तर लागला. सासरे, पंजाबराव, दोन वर्षांपासून अर्धांगवायूनं खाटेवर. त्यांना सोडून सासूबाई अमरावतीला येऊ शकत नव्हत्या. मग प्राजूच तिकडे गेली.

पेटीत चार पिशव्यांबरोबर पाचवी एक वस्तू असे. इंजेक्शनच्या औषधाची असते तेवढी छोटी काचेची बाटली. त्यातही तेच दूध, त्याच वेळी काढलेलं. झाकणाला मी भोक पाडलं होतं, भोकावर विरळ पडदा आणि पडद्यावर निळी टिकली. हे दूध प्यायचं नाही, फक्त सांगायचं. वाटेत बर्फ वितळला, पेटी तापली, तर पिशव्यांचं जे होईल तेच त्या बाटलीचं होईल. मी तिला साक्षीची बाटली म्हणायची.

"टिकली निळी असली तर चारही पिशव्या चांगल्या," मी सासूबाईंना निघताना सांगितलं होतं. "रंग बदलला असला तर सगळं टाकून द्या. विचार करत बसू नका."

"विचार मी कायले करू व? तू एवढी शिकली हायेस," त्या म्हणाल्या. "टिकली म्हणन तसं."

मी जाणूनबुजून सोपं सांगितलं होतं. निळा, जांभळा, फिका, गडद, हे त्यांना कशाला? बदलला की नाही, एवढंच पुरे.

बसच्या कंडक्टरचं नाव देवीदास. पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात पेटी दिली आणि खाली बघत म्हणाले, "भाऊ, औषध आहे. सावलीत ठेवाल का?"

"औषध," त्यांनी पेटी हलवून बघितली. "अकोल्यात कोठी उतरवू?"

घर रस्त्यालाच लागून आहे, शहरात शिरताना डावीकडे, कोपऱ्यावर एक बाई लेकरू कडेवर घेऊन उभी असेल, असं मी सांगितलं. ते बरं म्हणाले. तिसऱ्या दिवशी पेटी घेता घेता ते म्हणाले, "ताई, मले दोन लेकरं हायेत. औषध म्हणू नका. वरच्या कप्प्यात टप तापते, म्हणून मी माह्या सीटखाली ठेवतो. पाय बी लावत नाही." मला इतकी लाज वाटली की मी आभार मानायचं विसरले. त्या दिवसापासून ते हात धुऊन पेटी घ्यायचे. स्टँडच्या नळावर, माझ्यासमोर. रिकामी पेटी दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला परत यायची.

सहा वाजता बस आमच्या कोपऱ्यावर पोचे. सासऱ्यांची खाट खिडकीशी. त्यांना चारपाचच शब्द नीट बोलता येतात. त्यातला एक "आली". बस दिसली की ते "आली" म्हणायचे आणि सासूबाई प्राजूला उचलून बाहेर धावायच्या. इकडे मी त्याच वेळी पाकिटांच्या रांगेसमोर वही घेऊन उभी. सव्वासहाला फोन करायची.

"पोचली?"

"पोचली."

"टिकली?"

"निळीच हाय."

"प्राजू?"

"हे काय, पाय नाचवून राहिली. ठेवतो व, बाबाची चहाची वेळ झाली." आणि फोन कट. त्यांच्याकडे साधा बटणाचा फोन. फोनवर बोलणं म्हणजे निरोप देणं, असं त्यांचं गणित. काम झालं की ठेवायचा. मी मग हातातला फोन खिशात टाकून पुढच्या पाकिटाकडे वळायची. आठ दिवस असे गेले, आणि ते आठ दिवस मी सुखी होते असं आता वाटतं.

नवव्या दिवशी त्या म्हणाल्या, "बदल्ला व."

"काय?"

"टिकलीचा रंग. बदल्ला. टाकून देतो मी, तू सांगतलं तसं."

मार्च लागला होता. अकोल्याचं ऊन आपल्याला माहीत आहे. मला वाटलं, बर्फ कमी पडला. दुसऱ्या दिवशी मी दोन थैल्या जास्त घातल्या. सव्वासहाला तेच. "बदल्ला." तिसऱ्या दिवशी पेटीला बाहेरून जुनी गोधडी शिवली. देवीदासभाऊ हसले, "हिले बी थंडी वाजते का?" सव्वासहाला, "बदल्ला व बाई. कसं करावं आता?"

चौथ्या दिवशी मी हात कोपरापर्यंत धुतले, पंपाचे सगळे भाग तीनदा उकळले. यंत्रांच्या खोलीत पडदा ओढून, फ्रीजच्या घरघरीत मी दूध काढत बसायची. प्राजूचा एक फोटो समोर ठेवायची, कारण फोटो पाहिल्याशिवाय यायचं नाही. त्या फोटोत ती उघड्या तोंडानं हसतेय, कपाळाला अंगारा, एका डोळ्यातलं काजळ पसरलेलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा असं वाटलं की बिघाड बर्फात नाही, माझ्यात आहे. माझं दूधच असं असेल. आठ दिवस चांगलं होतं, आता आईच नासली. असलं काहीतरी मी एकटी असताना मनात म्हणायची आणि मग पाकिटांच्या नोंदी घ्यायला उठायची. पाकिटं बरोबर वागत होती. ज्यांनी जांभळं व्हायचं ती जांभळी होत होती.

दूध आटायलाही लागलं. चारच्या तीन पिशव्या झाल्या.

मधल्या रविवारी सहकाऱ्याला विनवून मी दिवसभराच्या नोंदी त्याच्यावर टाकल्या आणि पहाटेच्या बसनं अकोल्याला गेले. सासूबाई कोपऱ्यावर उभ्याच होत्या, प्राजू कडेवर. मी हात पुढे केले. ती माझ्याकडे बघत राहिली, मग मान वळवून तिनं आजीच्या खांद्यावर तोंड घातलं.

"अवं, माय हाय तुही," सासूबाई तिला म्हणाल्या. "थोडं थांब, रागिणी. उन्हातून आलीस, वास येत असन बसचा."

घरात आल्यावर त्यांनी देवघरातली पितळी डबी उघडली. गोवरीची राख, चाळून मऊ केलेली. घरचाच अंगारा. आधी प्राजूच्या कपाळाला लावला आणि मग तेच बोट माझ्या कपाळावर टेकवलं.

"मला कशाला, आई?"

"किती गावच्या शिवा ओलांडून आलीस. राहू दे."

दहा मिनिटांनी प्राजूनं मला ओळखलं. म्हणजे माझ्या कपड्यांना नाक लावलं आणि हात मारायला लागली. त्या दिवशी ती माझ्याच अंगावर प्यायली, पाच वेळा. तिला काही झालं नाही. उलटी नाही, पोट फुगलं नाही. मग माझं दूध बिघडलेलं कसं? पेटी त्या दिवशी नव्हती, त्यामुळे टिकलीही नव्हती.

निघताना सासूबाई म्हणाल्या, "मी म्हणतो, कायले एवढा जीव काढून राहिलीस? पावडरचं मस्त पेते ते. तू तुह्यं काम पाह्य. आता कितीक दिवस राहिले?"

त्या प्रेमानं म्हणाल्या असतील. पण मूर्तिजापूर येईपर्यंत ते वाक्य माझ्यात आंबत गेलं. पावडरचं मस्त पेते. मी खिडकीशी बसून रुमालानं कपाळावरचा अंगारा पुसला, घामाबरोबर, काही विचार न करता.

दुसऱ्या दिवशी मी पेटीत शर्टाच्या बटणाएवढा एक तापमापक ठेवला. तो दर पाच मिनिटांनी आतलं तापमान स्वतःशी लिहून ठेवतो. त्याच्या पुढच्या सकाळी पेटी परत आली तेव्हा मी तो संगणकाला जोडला. चार अंश, पाच अंश, साडेपाच. अकोल्यापर्यंत सरळ रेष. पेटी तापलीच नव्हती. देवीदासभाऊंनी पायसुद्धा लावला नव्हता. आणि तरीही संध्याकाळी फोनवर, "बदल्ला."

मग एकच शक्यता उरली, आणि ती मी तीन दिवस तोंडानं उच्चारली नाही. की रंग बदलतच नाही. की त्या तसं सांगतात. प्राजू पावडरवर गेली की पूर्ण त्यांची होईल. आईची वाट बघायला नको, बसची वाट बघायला नको. मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. राग नाही आला; त्या घरात माझं कुणीच नाही, असं वाटलं फक्त. सव्वासहाचा फोन मी करायची, "बदलला?" "बदल्ला." आणि आता मीच आधी ठेवून द्यायची.

रंग बदलायला लागल्यापासून अकराव्या दिवशी मी म्हणाले, "आई, आजची साक्षीची बाटली धुऊ नका. टिकलीसकट तशीच पेटीत ठेवून परत पाठवा. नवा बर्फ लावून."

रोज त्या बाटली धुऊन, उकळून, टिकली खरवडून पाठवत. मला तोंडाशी आलेला अविश्वास लपवता आला की नाही, माहीत नाही. सासरे मागे काहीतरी पुटपुटत होते.

"धाडतो," त्या म्हणाल्या. "तुले पाहाचं असन तर पाह्य."

सकाळी देवीदासभाऊंनी पेटी दिली. "ताई, आज आत काही हाय वाटते. मावशीनं दोनदा सांगतलं, सांभाळून नेजो म्हणून."

मी पेटी प्रयोगशाळेत आणून उघडली. बाटली वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली, वर दोरा बांधलेला. कागद सोडला. रंग बदललेला होता. सासूबाई खरं बोलत होत्या.

आणि टिकली जांभळी नव्हती. हिरवी होती.

मी बाटली टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले. गोकर्णीचा रंग आंबटानं जांभळा होतो. हिरवा होतो तो उलट्या टोकाला गेल्यावर. साबण, सोडा, चुना. दूध कितीही नासलं तरी टिकलीला हिरवं करू शकत नाही. हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. अकरा दिवस मला कुणी विचारलं नव्हतं, कारण मीही कुणाला विचारलं नव्हतं. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं, वहीत निष्कर्ष लिहू नका, दिसलं ते लिहा. नव्वद पाकिटांना मी रंगाचा रकाना ठेवला होता. आईंना मात्र फक्त विचारत राहिले, बदलला का.

साबणाचा हात लागला असेल असं आधी वाटलं. मग मी टिकली भिंगाखाली धरली. सगळी हिरवी नव्हतीच ती. मधोमध हिरवं, पेराएवढं, जरा लांबट. कडेनं निळी कोर शिल्लक. आणि हिरव्यावर बारीक करडे कण, ओलाव्यानं रुतून बसलेले. बर्फातून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं. त्या ओल्या टिकलीवर कुणीतरी बोट टेकवलं होतं. हलकं, पुसलं जाऊ नये इतकं हलकं.

तो आकार मी रोज बघत होते. फोटोत. प्राजूच्या कपाळावर.

चिमटीनं दोन कण पाण्याच्या थेंबात टाकले आणि लिटमस कागद बुडवला. अंगाऱ्याची राख, साबणाच्याच टोकाची. राखेनं भांडी निघतात ती उगाच नाही. मग बाटलीतल्या दुधावर नवी टिकली लावून मी समोर बसून राहिले, एक तास, दीड तास. निळी. अजून निळी. अकरा दिवसांचं दूध चांगलं होतं.

दुपारच्या नोंदी घेता घेता मला बाकीचं जुळलं. आठव्या दिवशी प्राजू खूप रडली होती. शेजारच्या पार्बताबाई येऊन दृष्ट काढून गेल्या, हे सासूबाईंनी मला सांगितलं होतं. पांढरं दूध, परक्या माणसांमधून, इतक्या शिवा ओलांडून, तिन्हीसांजेला घरात येतं. त्याला अंगारा न लावता लेकराला द्यायचं तरी कसं? पेटी उघडायची, देवाचं नाव घ्यायचं, आधी पिशव्यांना बोट आणि मग त्या छोट्या बाटलीला. तिला तर आधीच कपाळासारखी टिकली. मग चहा ठेवायचा, बाबांना पाजायचा, आणि सव्वासहाला माझा फोन वाजला की चष्मा लावून टिकली बघायची. मी सांगितलं होतं तसं. विचार न करता.

मला हसू आलं. मग आलं नाही. रुमालाला अजून करडा डाग होता.

सांगायचं कसं, हा प्रश्न उरला. "आई, तुमच्या अंगाऱ्यामुळे झालं," हे एक वाक्य. ते मनाला लावून घेण्यात त्यांचे उरलेले दिवस गेले असते. आणि अंगारा लावू नका म्हणावं, तर त्या लावणार नाहीत; पण रोज तिन्हीसांजेला दूध पाजताना त्यांचा हात कापेल. हिरवं झालं तरी चालेल, असंही सांगता येत नव्हतं. राख वर असली तर खरोखर नासलेल्या दिवशीही टिकली जांभळी होणार नाही. लेकराच्या बाबतीत मी असली टिकली ठेवणार नाही.

शेवटी मला टिकलीचीच चूक दिसली. जी वस्तू घरात जाणार आहे, तिला घरातला हात लागणारच. मी पारदर्शक झाकण घेतलं आणि टिकली त्याच्या आतून चिकटवली, तोंड दुधाकडे. झाकणाला भोक नाही, पडद्याची गरज नाही. दोन बाटल्या केल्या. एकीत नासलेलं दूध, एकीत चांगलं. दोन्हींच्या वर ओल्या बोटानं राख लावली; कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या शेगडीतली आणली होती. तीन तासांत नासलेलीची जांभळी झाली. चांगलीची निळीच.

सरांनी येताजाता विचारलं, "रागिणी, हे काय? पाकिटावर राख कुठून येईल?"

"घरोघरी असते, सर," मी म्हणाले.

त्यांनी भिंगातून पाहिलं, मग माझ्याकडे. "अहवालात लिहा," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी तीनच पिशव्या भरल्या. त्यातली तिसरी अर्धी. नव्या झाकणाची बाटली ठेवली. आईंना फोनवर इतकंच सांगितलं की झाकण बदललंय, टिकली आता आतून दिसेल.

"मंग वरून हात लागला तं चालते का?" त्यांनी विचारलं.

"चालतो. कशाचाही लागला तरी."

त्या "बरं" म्हणाल्या.

संध्याकाळी सहाची नोंद मी घाईत घेतली. अठ्ठेचाळीस नंबरच्या पाकिटाशी फोन वाजला. मी करायच्या आधी. आईंनी स्वतःहून केलेला तो पहिला.

"आली का?"

"आली. बाबानं आज दोनदा म्हटलं. टिकली निळी हाय व." मग त्या थांबल्या. मी वाट बघत होते "ठेवतो" म्हणायची. "मी वरून अंगारा लावला आज बी. पुसून पाहिला. खाली निळीच राह्यली."

"हो, आई."

"म्हणजे मंग..." प्राजूचा कुरकुरायचा आवाज आला, त्यांनी तिला थोपटलं, ते थोपटणं फोनमधून ऐकू आलं. "रागिणी, तुले एक विचारू का? खोटं सांगजो नको. आधी ते माह्या बोटानं होत होतं का?"

पाकिटं समोर होती. नव्वद. त्यांच्यासमोर मी कधी खोटं लिहिलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "पण चूक टिकलीची होती. मी ती बाहेरून लावली. आणि रंग कोणता, हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही."

"हिरवा होता," त्या म्हणाल्या. "मले वाटे, एवढा चांगला हिरवा रंग, अन् दूध खराब कसं. पण तू शिकलेली. मी काय म्हणू?"

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मोरीत नाही टाकलं मी ते. मायचं दूध मोरीत टाकवत नाही. रोज कढीपत्त्याच्या बुडाशी टाके. पाजतो असं समजून टाके." त्यांनी प्राजूला पुन्हा थोपटलं. "तुले वाटलं असन, म्हातारी खोटं बोलते."

मी नाही म्हणाले नाही. "तीन दिवस वाटलं," मी म्हणाले.

"वाटनच," त्या म्हणाल्या. "मलेही वाटलं, पोरीचं दूध चिंतेनं नासून राहिलं. म्हणून म्हटलं तुले, राहू दे, पावडर पेते. तुह्या जिवाले घोर नको म्हणून."

मी भिंतीला टेकले.

"थांब, गरम पाण्यात ठेवली होती पिशवी. झाली असन. फोन ठेवू नको." त्यांनी फोन कुठंतरी खाली ठेवला, बहुतेक खाटेवर, कारण सासऱ्यांचा श्वास जवळून यायला लागला. वाटीचा आवाज. सासूबाई बाटलीनं पाजत नाहीत, वाटी-चमच्यानं पाजतात. चमचा वाटीला लागला. मग ओठांचा तो चुटचुट आवाज. एक घोट, आणि राग आल्यासारखी ती चमच्यासाठी ओरडली. पुन्हा चमचा.

माझा कुडता दोन्हीकडून भिजला. शंभर किलोमीटर लांबून. मी ओढणी छातीशी आवळून धरली आणि ऐकत राहिले. नोंदी संपवायच्या वेळेचा, टेबलावरच्या घड्याळाचा गजर वाजून गेला. बेचाळीस पाकिटं राहिली होती. मी खिशातून पेन काढून हाताच्या तळव्यावर वेळ लिहून ठेवली. नंतर वहीत तेवढा उशीर लिहिला, दिसला तसा.

बराच वेळ चमचा वाजत होता. मग थांबला.

"झोपली," आईंनी फोन उचलून अगदी हळू सांगितलं. "दीड पिशवी उरली. सकाळी देतो."

"बरं."

त्या "ठेवतो" म्हणाल्या नाहीत. मीही म्हणाले नाही. त्यांच्याकडचा पंखा ऐकू येत होता, माझ्याकडचे फ्रीज त्यांना ऐकू जात असतील. मी फोन कानाशी खांद्यानं दाबून धरला आणि एकोणपन्नासाव्या पाकिटासमोर उभी राहिले. टिकली निळी होती. मी लिहिलं, निळी.

"आहेस का व?" त्यांनी विचारलं.

"आहे, आई," मी म्हणाले, आणि पुढच्या पाकिटाकडे सरकले.